राखेनं घासलेली चेन

आमच्या मालकांचा उजवा पाय घोट्यात वाकत नव्हता. लगीन व्हायच्या आदी ते हिर्डोशीकडं रानात लाकडं तोडाया गेलं व्हतं, तितं कुऱ्हाड निसटून पायावर आली. जखम भरली, पर घोटा मुसळासारखा ताठ राह्यला. चिखलात उभं राहून भात लावनं, औतामागं चालनं, त्यास्नी जमायचं न्हाई. चार शेतं चालून आलं की पाय सुजायचा. शेत थोरलं दीर करायचं. ते येगळं ऱ्हायचं. आमच्या वाटनीचं भात आन नाचनी आनून टाकायचं, आन टाकताना एकदा मालकांच्या पायाकडं बघायचं. बोलायचं काय न्हाई. ते बघनं मला आजून दिसतं.

सायकल आली ती माझ्या पाटल्या मोडून. भोरच्या संस्थानात कामाला असलेल्या एका कारकुनाची जुनी सायकल व्हती ती. सायकलीवर मालकांचा पाय चालायचा. घोटा वाकायचा न्हाई, पर टाच पायडलावर ठिवून ते रेटायचं. जिमिनीवर लंगडनारा मानूस सायकलीवर बसला की धडधाकट दिसायचा. म्या येकदाच तसं बोलले, तर ते लाजलं.

आमचं गाव मार्गासनीच्या वरल्या अंगाला. डोंगरात म्हशी राखनाऱ्या लोकांच्या वाड्या व्हत्या. ती लोकं सकाळी दूध घिऊन आमच्या दारात उतरायची. मालक किटल्या क्यारेजला दोन्ही अंगांनी बांधायचं आन नसरापूरच्या फाट्याला न्यायचं. तितं पुन्याला जानारी मोटार यायची. लढाईचं दिस. पेट्रोल मिळंना म्हनून ती मोटार कोळशावर चालायची, धूर वकत यायची, पर येळेला यायची. मोटार चुकली की दूध नासायचं. दोन-चारदा नासलं असतं तर वाडीवाल्यांनी दुसरा मानूस बघितला असता. पायी नेलं तर मोटार गावनारच न्हाई. तवा आमचं तिघांचं, म्हंजे मालक, म्या आन माझ्या सासूबाई, आमचं पोट त्या सायकलीवर व्हतं. आन सायकल चेनीवर.

सासूबाईंस्नी म्या आत्याबाई म्हनायची. बाई तोंडाच्या फटकळ, पर हाताच्या मोकळ्या.

भोरात सायकली दुरुस्त करनारा येक मिस्त्री व्हता. मालकांनी जुनी चेन गेली म्हनून त्येच्याकडनं नवी बसवली, तवा त्यो म्हनला, ही माझ्याकडली शेवटची. ह्या चेनी इलायतेतनं यायच्या, आता जहाजं येत न्हाईत. लढाई सरंस्तवर हीच पुरवा. मालकांनी इचारलं, पुरवायची कशी? मिस्त्रीनं बसवून घिऊन सांगितलं, आन मालकांनी घरी यून मला सांगितलं, कारन रोजचं पुसायचं काम माझ्याकडं येनार व्हतं.

चेन रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. आठवड्यातनं येकदा येकेका कडीत तेलाचा येकच थेंब सोडायचा, थोडा येळ पायडल उलटं फिरवायचं, आन मंग वरलं तेल समदं पुसून काढायचं. मला ते पुसून काढनं पटायचं न्हाई. तेल लावायचं आन पुसायचं, ह्यो कुठला शानपना? मालक म्हनलं, तेल आत पायजे. भाईर ऱ्हायलं की धुरळा धरतं, आन धुरळा कडी खातो. खायचं तेल तर लावायचंच न्हाई, ते चिकट हुतं. मोटारीच्या डायवरकडनं थोडं मोटारीचं तेल मिळायचं, ते औषीदाच्या बाटलीत ठिवलेलं असायचं. कोंबडीच्या पिसानं म्या थेंब सोडायची.

आन चालवायची रीत. सायकल सुरू करताना पयले दोन पावलं हातानं ढकलायची, मंगच बसायचं, येकदम रेटायचं न्हाई. पायडलावर उभं ऱ्हायचं न्हाई. चढ आला की उतरायचं. पान्यात चाक घालायचं न्हाई, वढा आला की सायकल खांद्यावर घ्यायची. नसरापूरच्या वाटंला चढ काय थोडे न्हाईत. दर चढाला लंगड्या पायानं उतरायचं, भरल्या किटल्या घिऊन सायकल ढकलत न्यायची. चेन वाचायची, पाय सुजायचा. दुपारी घरी आलं की म्या पाय बघायची आन ते चेन बघायचं.

भिंतीत त्यांनी दोन खिळं मारलं व्हतं, येक वर, येक खाली. चेन नवी व्हती तवा काढून वरल्या खिळ्याला टांगली, आन जितं तिचं खालचं टोक आलं तितं दुसरा खिळा. दर म्हयन्याला चेन काढायची, पुसायची आन टांगायची. चेन झिजली की लांब हुती, खालच्या खिळ्याच्या खाली उतरती. पयल्या वरसात ती तांदळाच्या दोन दान्यांएवढी उतरली. आत्याबाई म्हनायच्या, "लोकं सुनंचं पोट बघत्यात, आमच्या घरात साखळीची लांबी बघत्यात." माझ्या लग्नाला सात वरसं झाली व्हती आन घरात पाळना नव्हता. त्या मला लागावं म्हनून बोलायच्या न्हाईत, पर लागायचं.

चेनीला त्या माझी सवत म्हनायच्या. "जा, तुझ्या लोखंडी सवतीची येनी घाल."

दसऱ्याच्या आदल्या दिशी खंडेनवमी. त्या दिशी घरातली हत्यारं पुजत्यात. नांगराचा फाळ, कोयता, कुऱ्हाड, खुरपं, जे काय कामाचं असंल ते धुवायचं, हळद-कुकू लावायचं, फूल व्हायचं. पुजलेलं हत्यार मंग दसऱ्याच्या सकाळपतूर हलवायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. त्या साली मालक फाट्यावरनं लौकर आलं. सायकल धुयाला चेन काढून भायेर ठिवली आन झेंडू आनाया गेलं.

आत्याबाई म्हनल्या, समदं चकाकलं पायजे, सायकलीवर तर घर चालतंय. म्या भांडी घासाया वढ्यावर निघालेच व्हते. तांब्या-पितळेची भांडी, चिंच, चुलीतली राख, नारळाची शेंडी. चेनीकडं बघितलं तर काळीकुट्ट. देवापुढं असली काळी कशी मांडायची? म्या ती उचलली आन टोपलीत घातली.

वढ्यावर म्या ती चेन येकेक कडी धरून घासली. चिंच लावली, राख लावली, शेंडीनं रगडली. माझी बोटं सोलपाटली. पर चेन अशी निघाली की रुप्याची वाटावी. शेजारच्या येक काकी कापडं धूत व्हत्या, त्या म्हनल्या, गळ्यात घाल की. मला लई बरं वाटलं. मालक बघतील, असं मनात व्हतं. खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर आत्याबाईंनी ती तशीच वली पाटावर मांडली. हळद, कुकू, वर झेंडू. सायकल शेजारी उभी. मालक आलं, त्यांनी बघितलं. हात फुडं केला, तशा आत्याबाई म्हनल्या, "पुजलंय. आता उद्या."

ते म्हनलं, आई, वली हाय, पुसून तेल तरी लावतो.

"तुझा बाप असता तर पुजल्या फाळाला हात लावला असता का? येक रात लोखंडाला काय व्हत न्हाई."

ते खाली बसलं. बसलं पर त्या पाटाकडंच बघत व्हतं. मला तवा कळलं की म्या काय तरी केलं, काय केलं ते कळलं न्हाई.

दसऱ्याच्या सकाळी हळदीखाली चेन तांबडी झाली व्हती. मालकांनी ती उचलली आन कानाजवळ धरून हालवली. मंग माझ्या कानाजवळ धरली. आत रेती भरल्यागत करकर वाजत व्हती. त्यांनी इचारलं, "राख?" म्या मान हालवली. ते येवढंच म्हनलं, "आईला बोलू नगं. चेन जुनी झाली म्हनायचं." आन तीच चेन चढवून, तेल सोडून, दूध घिऊन गेलं. दूध थांबत न्हाई ना.

राख आत गेली ती निघंना. चार-पाच कड्या ताठ झाल्या. दात्यावरनं चेन उडाया लागली. म्हयन्यानं खिळ्याला टांगली, तर बोटभर उतरलेली. वरसात जेवढी झिजली नव्हती तेवढी त्या येका म्हयन्यात झिजली. म्या खिळ्याकडं बघत ऱ्हायले. मालकांनी बोट लावून मापलं, पुन्ना मापलं. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

ते भोरला मिस्त्रीकडं गेलं. मिस्त्री म्हनला, घासलेटात भिजत घाला. भिजवा, हालवा, झटका, वाळवा, तेल द्या. दर आठवड्याला करा, जवर घासलेट साफ निघत न्हाई तवर. दुसरा इलाज न्हाई, दुसरी चेन न्हाई.

घासलेट तवा कार्डावर मिळायचं, येका घराला येक बाटली, तेबी आलं तर. त्येच्यावरच घरातली चिमनी. त्या दिसापासनं बाटली चेनीला गेली. म्या डब्यात चेन घालून घासलेट वतायची, हालवायची. वर काळं पानी यायचं. ते घासलेट म्या फेकलं न्हाई. फडक्यातनं गाळून चिमनीत घालून बघितलं. चिमनी तडतडली, काजळी वकली आन इझली. वात घट झाली. म्हनून मंग दिवा बंद. देवापुढं सांजच्याला तेलाची वात लागायची घडीभर, आन चुलीचा जाळ. दिस मावळायच्या आत जेवायचं, मावळला की निजायचं.

आत्याबाईंच्या डोळ्यांत फूल पडाया लागलं व्हतं. त्यास्नी दिस मावळतीला कमीच दिसायचं. त्या म्हनायच्या, सवतीला तेल, सवतीला घासलेट, आन सासूला अंधार. मालक म्हनायचं, आई, जुनी झालीया चेन, थोडं दिस. म्या खाली मान घालून भाकरी थापायची. माझ्या वाटचं ते खोटं बोलायचं, आन म्या त्यास्नी बोलू द्यायची.

पौषात दिस लौकर मावळतो. येकदा आसंच मावळत व्हता. मालक वाडीवर गेलं व्हतं, कुनाची म्हस आटली म्हनून दुधाचं बोलाया. गोठ्यात वासरू वरडाया लागलं. आत्याबाई उठल्या आन म्हनल्या, "चिमनी लाव गं घडीभर, वासरू सुटलंय वाटतं."

बाटलीत चार बोटं घासलेट व्हतं. दुसऱ्या दिशी चेन भिजवायचा वार. म्या बाटलीकडं बघितलं.

म्या म्हनले, "आत्याबाई, आजून दिसतंय की. म्या जाते थांबा, हात धुते."

माझं हात पिठाचं व्हतं. म्या हात धुवोस्तवर त्या गेल्या. कुनी थांबा म्हनलं तर थांबनारी बाई नव्हती ती. गोठ्याच्या उंबऱ्याला पाय अडकून दगडी पायरीवर पडल्या. वरडल्या न्हाईत. "पोरी," येवढंच म्हनल्या. म्या धावले तर त्या आडव्या, आन पाय येगळ्याच अंगाला वळलेला. वासरू सुटलेलं नव्हतं. त्येला नुसती भूक लागली व्हती.

खुबा मोडला व्हता. हाडं बसवनारा आनला. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पाला बांधला आन भायेर जाऊन मालकांना म्हनला की ह्या वयात हे हाड धरत न्हाई. आत आत्याबाईंस्नी ते ऐकू गेलंच. त्या म्हनल्या, त्येला गूळ-पानी द्या, लांबनं आलाया.

दोन म्हयनं त्या आंथरुनावर व्हत्या. मालक सकाळी त्यांच्या पायाला हात लावून जायचं आन दुपारी यायचं. समदं म्या करायची. पडून पडून त्यांची पाठ फुटली व्हती, ती धुवायची, तीळतेल लावायची. येका दुपारी तेल लावता लावता म्या सांगून टाकलं. म्हनले, आत्याबाई, चेन जुनी झाली न्हवती. म्या राखेनं घासली. त्येच्यापायी घासलेट गेलं, आन त्या दिशी बाटलीत घासलेट व्हतं, तरी म्या दिवा लावला न्हाई.

त्यांनी डोळं मिटलं. मला वाटलं डोळा लागला. मंग म्हनल्या, "चकाकलं पायजे म्हनून म्याच सांगितलं व्हतं की. आन पुजल्यावर हात लावू दिला न्हाई ते येगळंच." आन मंग इचारलं, "आता किती उतरलीया?"

म्या म्हनले, ह्या म्हयन्यात उतरली न्हाई. घासलेट साफ निघाया लागलंय.

"मंग मला दिवा नगं. म्या पडूनच हाय, मला दिव्यात काय बघायचं? त्येचं चाक चालू ऱ्हाऊ दे. थोरल्यापुढं हात पसरायची पाळी नगं यायला त्येच्यावर."

त्या दिसापासनं त्या रोज मालक आलं की चेनीचं इचारायच्या. उडली का? करकरली का? मालकांस्नी वाटायचं आईला भ्रम झालाय. त्यास्नी समदं ठावं हाय, हे म्या सांगितलं न्हाई.

फागुन लागता लागता त्या गेल्या. दुपारी गेल्या. मालक फाट्यावरनं यायचं व्हतं. म्या त्यांचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं. जीव जायला तरास झाला न्हाई, येवढं बरं झालं.

आन मंग सुतक आलं. धा दिस सुतक, तेराव्यापतूर घराला सगळं बंद. सुतकातल्या मानसाच्या हातचं दूध कोन घेनार? वाडीवाल्यांनी दूध आनलंच न्हाई आमच्या दारात. आनलं असतं तरी मालकांनी हात लावला नसता. म्या तिसऱ्या दिशी म्हनले, फाट्यावर कुनाला कळतंय? दूध पुन्याला जातंय, पीनाऱ्याला काय ठावं कोनाच्या घरी काय झालं. मालकांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई, असं, की ही कोन बाई म्हनून.

वाडीतलं येक म्हातारं बाबा यून गेलं. म्हनलं, तुमी दिस करा, आमी थांबू. पर म्हशी थांबत न्हाईत. चार दिस त्यांनी दह्या-तुपाला लावलं. मंग खालच्या गावातला येक तरना गडी सायकल घिऊन वर आला आन म्हनला, म्या नेतो. त्यांनी दिलं. त्यांचं चुकलं असं म्या आजबी म्हननार न्हाई.

ह्या दिसांत मालक काय करत व्हतं? डोक्याचं केस काढलेलं, खाली बसून चेन साफ करत व्हतं. सुतकात हत्याराला हात लावावा का नगं, ते म्या इचारलं न्हाई. अकराव्या दिशी त्यांनी ती खिळ्याला टांगली आन मला हाक मारली. दोन म्हयन्यांपासनं जितं व्हती तितंच. तांदळाच्या दान्याएवढीबी उतरली नव्हती. कानाजवळ धरली, तर आवाज न्हाई. राख समदी निघाली व्हती. ते म्हनलं, आता लढाई सरंस्तवर जाईल.

तेरावं झालं. चौदाव्या दिशी सकाळी वाडीवाले आमच्या दारात उतरले न्हाईत, खालच्या वाटंनं गेलं. मालकांनी सायकल काढली. रिकाम्या किटल्या बांधल्या आन फाट्यावर गेलं, दूध उतरून घेनाऱ्या मानसाला भेटाया. म्या दारात उभी व्हते. दोन पावलं हातानं ढकलून मंग बसलं.

दुपारी यायचं ते आलं न्हाईत. दिस कलला. म्या वाटंच्या वळनापतूर गेले, तवा लांबनं दिसलं. सायकल हातात धरून चालत येत व्हतं. मनात म्हनले, चेन तुटली. जवळ आलं तर चेन शाबूत.

म्या इचारलं काय झालं. ते म्हनलं, त्यो मानूस वाईट बोलला न्हाई. चहा पाजला. म्हनला, तुमी आलात बरं झालं, पर ह्यो गडी तरना हाय, चढावर उतरत न्हाई, घंटाभर आदी येतो. मोटारवाल्यालाबी तेच बरं पडतंय. आता त्येला कसं काढू?

त्या मानसाला काय बोलला तुमी, म्या इचारलं.

"काय बोलनार? त्यो गडी तितंच व्हता, त्येला म्हनलं चढाला उभं राहून रेटू नगं. चेन मिळत न्हाई आता. हसला."

मंग म्या इचारलं, सायकल चांगली हाय, मंग चालत का आलं? येवढा पाच कोसाचा रस्ता, ह्या पायानं?

ते सायकल भिंतीला लावत व्हतं. माझ्याकडं न बघता म्हनलं, "रिकामंच यायचं व्हतं. उगं कशाला झिजवायची."

पाय गुडघ्यापतूर सुजला व्हता. म्या चुलीवर पानी ठिवलं आन मीठ शोधाया लागले. ते उंबऱ्यावर बसलं. थोरलं दीर दुसऱ्या दिशी आलं. त्यांच्या हातात येक विळा व्हता, आन बांधावरचं गवत कापायचं काम बसून करता येतं असं ते मालकांना म्हनलं. मालक "व्हय" म्हनलं.